बदलापूरचे घोडे आणि पर्वतावरचा धूर

बदलापूर हे नाव कसे पडले, असे गावात कोणालाही विचारले तर उत्तर तयार असते. कल्याणहून घाटावर जाणारे स्वार येथे थांबत, दमलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत. घोडे बदलण्याचे गाव म्हणून बदलापूर. कोणी हे शिवकाळात घडल्याचे सांगतो, कोणी पेशवाईत. गोष्ट चांगली आहे आणि अशक्य तर मुळीच नाही. लांबच्या वाटेवर घोडे बदलावेच लागत. पण आणखी एक प्रश्न विचारून पाहावा. येथेच घोडे बदलत असत, हे कशावरून? बहुतेक वेळा उत्तर येते, "अहो, नावच सांगते की!"

म्हणजे नावाला आधार घोड्यांचा आणि घोड्यांना आधार नावाचा. कर्ज मागायला आलेल्या दोघांनी एकमेकांना जामीन राहावे, तसा हा प्रकार झाला. आपल्याकडच्या तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. दोघांऐवजी तिघे असे फिरून एकमेकांवर टेकले तर तो चक्रक दोष, आणि आधाराला आधार, त्याला पुन्हा आधार अशी न संपणारी माळ लागली तर अनवस्था. हे शब्द जुने आहेत, पण अवघड नाहीत. आठवीच्या मुलांना जामिनाची उपमा दिली की अन्योन्याश्रय लगेच समजतो, आणि मग ती तो घरीदारी शोधू लागतात.

या दोषातून सुटण्याचा मार्ग एकच, तिसरीकडून पुरावा आणणे. जुनी कागदपत्रे, दानपत्रे, प्रवाशांची वर्णने, ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर, अशा ठिकाणी हे नाव केव्हापासून आणि कोणत्या रूपात येते, ते पाहावे लागेल. शब्दाकडूनही थोडी मदत होते. 'बदल' हा मूळचा अरबी शब्द, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. तेव्हा घोड्यांची गोष्ट खरी असेल, तर गावाला हे नाव हा शब्द येथे रुळल्यानंतरच पडले असले पाहिजे. उद्या हेच नाव एखाद्या शिलाहारकालीन ताम्रपटात सापडले तर गोष्ट कोसळेल. काय सापडले तर आपले म्हणणे खोटे ठरेल, हे ज्याला सांगता येते त्याचे म्हणणे तपासण्याजोगे असते. ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात वेळ जातो, एवढेच.

येथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. अन्योन्याश्रय दाखवला म्हणून घोड्यांची गोष्ट खोटी ठरली नाही; ती अजून सिद्ध झालेली नाही, इतकेच ठरले. युक्तिवाद लंगडा असूनही निष्कर्ष खरा असू शकतो.

बदलापूरहून मुंबईच्या दिशेने पुढचे मोठे गाव अंबरनाथ. तेथील शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे सांगतात. येथे मात्र तिसरीकडचा पुरावा हाताशी आहे. मंदिरातील शिलालेखात शके ९८२ चा उल्लेख आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळते. म्हणजे हे १०६० साल, कोकणच्या शिलाहार घराण्यातील माम्वाणी राजाचा काळ. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी आलेली कथा, दुसरीकडे त्याच काळात दगडावर कोरलेला मजकूर. दोन्ही शेवटी कोणीतरी सांगितलेलेच आहे. मग एकावर जास्त विश्वास का ठेवायचा?

न्यायदर्शनाने या प्रश्नाचा चांगला विचार केला आहे. ज्ञान मिळवण्याची चार साधने त्यात मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे. असा विश्वासू माणूस म्हणजे 'आप्त'. आप्त कोणाला म्हणावे? ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याला. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन येथे एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे तो म्हणतो. म्हणजे सांगणारा कोण, कोणत्या कुळाचा, यावर आप्तपण ठरत नाही. त्याला माहीत होते का आणि तो प्रामाणिक आहे का, या दोनच कसोट्या. 'मोठ्या माणसाने सांगितले', 'परदेशी शास्त्रज्ञांनी मान्य केले', 'टीव्हीवर दाखवले' या तिन्ही वाक्यांना या कसोट्या लावून पाहाव्यात. अंबरनाथचा लेख कोरणारा त्या काळी हजर होता. पांडवांची कथा सांगणारा नव्हता. अर्थात राजाच्या लेखात राजाची स्तुती असणार, ती वेगळी काढावी लागते.

आता अंबरनाथच्या शेजारच्या उल्हासनगरकडे वळू. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. हातात काही नसताना या माणसांनी व्यापार उभा केला. याच काळापासूनची एक गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. उल्हासनगरच्या मालावर म्हणे 'मेड इन यू.एस.ए.' असे छापलेले असे, आणि कोणी हटकले तर उत्तर मिळे, यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन!

ही गोष्ट वाक्छलाचे आदर्श उदाहरण म्हणून वापरण्याजोगी आहे. न्यायदर्शनात 'छल' म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा भलताच अर्थ धरून त्याला फसवणे किंवा पाडणे. त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला वाक्छल. त्याचे जुने उदाहरण 'नवकंबल' हे. कोणी म्हणाला, या मुलाजवळ नव कंबल आहे, म्हणजे नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, खोटे! याच्याजवळ एकच घोंगडी आहे, नऊ कुठे आहेत? संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि नऊही. जाहिरातींत हा छल फार चालतो. 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'हर्बल', 'तज्ज्ञांनी प्रमाणित' या शब्दांचा गिऱ्हाईक एक अर्थ घेतो आणि विकणारा, वेळ आली की, दुसरा दाखवतो. बदलापूर हे नावही यातून सुटलेले नाही. २०१५ साली याच नावाचा हिंदी चित्रपट आला. त्याच्या नावात 'बदला' हा सूडाच्या अर्थाने ऐकू यावा, ही योजना उघड होती. चित्रपटाला तेवढी मुभा आहे. पण त्यावरून कोणी या गावाचा सूडाशी संबंध जोडू लागला तर तो बादरायण संबंध होईल.

दुसरा प्रकार सामान्यछल. जे काही बाबतीत शक्य आहे, ते सर्वच बाबतीत आहे असे धरून चालणे. 'यू.एस.ए.'च्या गोष्टीचा उपयोग नेमका यासाठी होत आला आहे. कोणा एकाने खोटे लेबल लावले असे क्षणभर मानले, तरी त्यावरून उल्हासनगरचा सगळा माल नकली कसा ठरतो? तेथील फर्निचर आणि जीन्स आपण सगळेच वापरतो. शिवाय गोष्ट सांगणाऱ्याला विचारावे की ते लेबल तुम्ही स्वतः पाहिले का. म्हणजे आप्ताची पहिली कसोटी लावावी. वाक्छलाचा नमुना म्हणून सांगितलेली गोष्ट एका संपूर्ण समाजाविषयीचा पूर्वग्रह होऊन बसते, याचे हे उदाहरण आहे. वर्गात ती सांगायची तर हा दुसरा भाग गाळू नये.

तिसरा उपचारछल. लाक्षणिक बोलणे शब्दशः धरणे. लोकलमध्ये कोणी म्हणाले, "चला, अंबरनाथ आले", तर त्यावर "अंबरनाथ कुठे आले, आपण आलो" असे म्हणणारा सहप्रवासी हा उपचारछल करतो. गाडीत ती गंमत असते. पण एखाद्या नेत्याचे, लेखकाचे उपरोधाने बोललेले वाक्य उचलून ते त्याचे मत म्हणून छापले, तर ती गंमत उरत नाही.

शब्दांचे दोष असे. यापुढचा भाग हेतूंचा, म्हणजे कारणांचा, आणि तोच खरा महत्त्वाचा. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो. हे अनुमानाचे जुने उदाहरण सर्वांना माहीत असते. बदलापुरातून चंदेरीचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात त्याच्या कड्यांवरून पांढरे लोट वर चढताना दिसतात. तेथे आग लागली आहे काय? नाही, ते धुके आहे. येथे 'धूर असेल तेथे अग्नी असतो' हा नियम बरोबर आहे, पण धूरच नाही. कारण म्हणून जे पुढे केले तेच मुळात नाही, हा असिद्ध हेतू. दिसायला हेतू, प्रत्यक्षात हेतू नव्हे. म्हणून 'हेत्वाभास' हा शब्द. मृगजळात पाण्याचा असतो तसा हा कारणाचा आभास.

याहून घातक दुसरा एक हेत्वाभास आहे, सव्यभिचार. यात कारण खरे असते, पण ते निष्कर्षाशी एकनिष्ठ नसते. जेथे निष्कर्ष खरा आहे तेथेही ते सापडते आणि जेथे नाही तेथेही. 'हा प्राणी गाय आहे, कारण त्याला शिंगे आहेत' असे म्हटले तर शिंगे म्हशीलाही असतात. उदाहरण पोरकट वाटेल. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी काय झाले ते पाहा. रविवार होता, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे, तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या भागातल्या मोबाइल फोनांवर फिरत होते. जमावाने या पाच जणांना पकडून, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून, मरेपर्यंत मारले. कोणतेही मूल पळवले गेले नव्हते. त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने पाच जणांच्या एका कुटुंबाला घेरले होते; पोलिसांनी सोडवल्यामुळे ते वाचले.

राईनपाड्याच्या जमावाने केलेले अनुमान कागदावर मांडून पाहू. हे मुले पळवणारे आहेत, कारण हे अनोळखी आहेत आणि लहान मुलांच्या जवळपास दिसले. दोन्ही कारणे खरी धरा. पण अनोळखी माणूस फेरीवाला असतो, भिक्षेकरी असतो, पाहुणा असतो, वाट चुकलेलाही असतो. मुले पळवणारा त्यात लाखात एखादा. हेतू सव्यभिचारी आहे. भटक्या जमातींच्या माणसांना तर जन्मभर प्रत्येक गावात अनोळखीच राहायचे असते. त्यांच्यावर हा हेत्वाभास पुन्हा पुन्हा कोसळतो. तर्कशास्त्राची माहिती असती तर जमाव थांबला असता, असा दावा कोणी करणार नाही. भीतीने आणि गर्दीने डोके चालेनासे होते. पण जमाव जमण्याआधी काही दिवस तो निरोप शेकडो जणांनी एकटे बसून वाचला होता आणि पुढे पाठवला होता. विचार करायला वेळ होता तो तेव्हा.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा निरोपांत एक चित्रफीतही होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणारे एक मूल उचलतात आणि निघून जातात. चित्रफीत खरी होती, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली होती. पण ती कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना जागे करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. मूळ फितीत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि एक फलक दाखवतात. भारतात फिरलेल्या फितीतून हा शेवट कापलेला होता. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाशी जोडलेली 'ध चा मा'ची कथा आपल्याला ठाऊक आहे. एका अक्षराने 'धरावे'चे 'मारावे' झाले, असे ती सांगते. येथे अक्षर बदलण्याचीही गरज पडली नाही, शेवटचे काही क्षण गाळले की पुरे. पुढे जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. वेग कमी झाला. हेत्वाभास आहे तेथेच आहे.

पाहणे आणि अनुमान यांतील सीमारेषा मुलांना दाखवायला २१ सप्टेंबर 1995 चा दिवस अजून उपयोगी पडतो. त्या दिवशी गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून देशभर रांगा लागल्या. चमच्यातले दूध कमी होते, हे पाहणे. मूर्ती ते पिते, हे अनुमान. द्रवाचा पृष्ठताण आणि मूर्तीवरून खाली जाणारा पातळ ओघळ यांनी तेच पाहणे समजावता येते. "मी स्वतः पाहिले" असे म्हणणारा खोटे बोलत नव्हता. त्याने पाहिले होते ते पहिले वाक्य, आणि तो सांगत होता दुसरे.

वादात हरू लागलेला माणूस काय काय करतो, याचीही न्यायसूत्रांनी यादी केली आहे. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात आणि ती बावीस आहेत. सगळी पाठ करायची गरज नाही, त्यातली तीन-चार पुरतात. आपल्यावरचा आरोप न खोडता "तुम्हीही तेच करता" असे म्हणणे म्हणजे मतानुज्ञा. कारण तसे म्हणताना आपण आपला दोष मान्यच करत असतो. विषय सोडून भलतेच बोलणे हे अर्थांतर. म्हणणे अडचणीत आले की गुपचूप बदलणे हे प्रतिज्ञांतर, आणि कारण बदलणे हे हेत्वंतर. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर चालणारी एखादी चर्चा अर्धा तास ऐकून वहीत या चार नावांखाली रेघा मारत गेले तर पान भरते. न्यायाच्या शब्दांचे ओझे वाटत असेल तर मराठीने स्वतःची नावे ठेवलीच आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याने फांदी मोडली म्हणणे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. चोराच्या उलट्या बोंबा. साप साप म्हणून भुई धोपटणे. आजीच्या तोंडी असलेल्या या म्हणी म्हणजे तर्कदोषांचा चालता कोश आहे. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र घेणारी मुले इंग्रजी संज्ञा पाठ करतात आणि या म्हणींकडे त्यांचे लक्षही जात नाही, हे मात्र खटकते.

बातम्यांतल्या आकड्यांकडे थोडे निराळे पाहावे लागते. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्यांत अडकलेल्या प्रवाशांची संख्या कुठे सातशे, तर कुठे दोन हजार येत होती. दुपारपर्यंत सर्वांची सुटका झाली, तेव्हा आकडा निघाला १०५०. यात कोणी कट केला असे मानण्याचे कारण नाही. घटना चालू असताना मोजणी झालेली नसते. पहिला आकडा हा अंदाजच असतो. चूक आणि लबाडी यांत फरक करायला मुलांनी शिकले पाहिजे, नाहीतर सगळेच खोटे असा एक सोयीचा आळस अंगी बाणतो. लबाडी ओळखण्याची खूण ही की चूक लक्षात आल्यावर सांगणारा ती दुरुस्त करतो का. बातमीवर वेळ पाहण्याची सवय मात्र लागावी. पुराच्या चित्रावर तारीख नसेल तर ते २०१९ चे आहे की २६ जुलै २००५ च्या महापुराचे, हे पाण्यावरून कळत नाही.

कधी आकडे अचूक असतात आणि तरी दिशाभूल होते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीची लोकसंख्या सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेली, म्हणजे जवळजवळ ७८ टक्के वाढली. उल्हासनगरची सुमारे ४ लाख ७३ हजारांवरून ५ लाख ६ हजारांवर, म्हणजे फक्त ७ टक्के. टक्क्यांचे मथळे केले तर बदलापूरची वाढ अकरा पट वाटते. माणसे मोजली तर बदलापुरात सुमारे ७६ हजार वाढली आणि उल्हासनगरात सुमारे ३२-३३ हजार, म्हणजे दुपटीहून थोडी अधिक. दोन्ही विधाने खरी आहेत. पाण्याची योजना आखणाऱ्याला दुसरे हवे, शहराचे रूप किती बदलले हे सांगणाऱ्याला पहिले. आणि वाचकाला दोन्ही. शिवाय 'बदलापूर' म्हणजे जुने गाव, की कुळगाव-बदलापूर नगरपरिषद, की स्टेशनच्या दोन्ही बाजूंची वस्ती, हे लिहिणाऱ्याने सांगितले नसेल तर नवकंबलाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

हे सगळे शिकवताना एक धोका आहे आणि तो जुन्या तर्कशास्त्रज्ञांनाही दिसला होता. चर्चेचे त्यांनी तीन प्रकार केले. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचे काही म्हणणे न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडत राहणे ती वितंडा. दोषांची नावे हाती आलेली हुशार मुले पहिले काही आठवडे वितंडेत रमतात. वडिलांच्या बोलण्यात मतानुज्ञा सापडल्याचा आनंद त्यांना आवरत नाही. त्यावर एक नियम उपयोगी पडतो. दोष दाखवणाऱ्याने त्या प्रश्नावर आपले म्हणणे आणि त्याचे कारण फळ्यावर लिहायचे, आणि त्याच्या खाली, काय सापडले तर ते म्हणणे आपण सोडून देऊ, तेही लिहायचे. बदलापूरच्या घोड्यांसाठी अशी ओळ लिहिणे सोपे आहे. स्वतःच्या आवडत्या मताखाली ती लिहिताना खडू बराच वेळ हातातच राहतो.